मागच्या सीटचे गुण

मिस्त्रींच्या घरात तीन आठवडे एकच वाद चालला होता: गाडी काळी घ्यायची की पांढरी? गाडीही साधीसुधी नव्हे. पुढे दोघं, मागे तिघं बसतील अशी केबिन आणि दारं-खिडक्यांच्या चौकटी मावतील असा मागे हौदा, अशी दांडगी पिकअप! बायको म्हणे पांढरीवर धूळ दिसत नाही, मुलगी म्हणे काळीचा रुबाब वेगळाच. पण ही गाडी कुठे आदळली तर आतल्या माणसांचं काय होईल, हा प्रश्न तीन आठवड्यांत एकाच्याही तोंडून निघाला नाही.

खरं तर मिस्त्री मोठे चोखंदळ गृहस्थ. फळी घेताना बोटांनी ठोकून पाहणार, डोळ्याला लावून बाक शोधणार, गाठ दिसली की फळी परत. बिजागरी दहा वेळा उघडमीट केल्याशिवाय पसंत करायची नाही, हा त्यांचा बाणा. पण शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर पाऊल पडलं आणि ही सगळी अक्कल चपलांबरोबर दाराबाहेरच राहिली.

बरोबर दोघं होती. एक थोरली बहीण. इस्पितळात मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालतात त्या खोलीत ताईची बावीस वर्षं गेली होती. दुसरे पॉलिशवाले काका, मिस्त्रींचा दारं-खिडक्यांचा कारखाना सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे कामाला. आजवर जुन्या टेम्पोच्या हौद्यात चौकटींना पाठ टेकून बसायचे; आता गादीवर बसायला मिळणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"साहेब, पाच स्टार आहेत, डोळे झाकून घ्या!" शोरूमचा विक्रेता म्हणाला. "आज सही केलीत तर सीटची कव्हरं आमच्याकडून. मागच्या सीटला बसवून दाखवलीत बघा. शिवाय ही क्लिप. पट्ट्याच्या खाचेत अडकवली की ते टुंगटुंग कायमचं बंद."

फुकट ते पौष्टिक! मिस्त्रींनी क्लिप खिशात टाकायला घेतली, तेवढ्यात ताईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"म्हणजे गाडीला वाटणार, पट्टा लावलाय?"

"अगदी बरोबर, मॅडम."

"गाडी फसेल हो. समोरून येणारा ट्रक फसेल का?"

विक्रेता हसला. ताई हसली नाही. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. गाड्या मुद्दाम आदळून तपासणाऱ्या संस्थेचा तो अहवाल होता. "हे पाच स्टार सहा एअरबॅगवाल्या गाडीचे आहेत. तुम्ही देताय तिला किती?"

"दोन. पण बॉडी तीच आहे ना!"

"आणि इथे काय लिहिलंय? मागे बसणाऱ्याच्या छातीला संरक्षण अपुरं. हे का नाही सांगितलंत?"

मिस्त्री वैतागले. "अगं ताई, मागे आपण थोडेच बसणार आहोत? मागे काय, काका नि कामाची माणसं."

बोलून गेले खरे, पण काका त्याच गाडीत, मागच्याच सीटवर बसले होते. दार उघडं होतं. काकांचा हात कव्हरवर चाचपडत होता.

"मालक, पट्ट्याची खाच सापडत नाही हो," ते म्हणाले. मग ओशाळून हात मागे घेतला. "राहू द्या. आम्हाला कशाला लागतोय? इतकी वर्षं तसाच तर बसलो."

मिस्त्रींनी स्वतः हात घातला. खाच कव्हराच्या खाली शिवून टाकल्यासारखी दडपली होती. फुकटचं कव्हर! त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गाठ असलेली फळी गिऱ्हाइकाच्या दाराला चालत नव्हती, आणि त्या दाराला झळाळी देणाऱ्या माणसाला मात्र काहीही चालत होतं!

"माझ्याकडे येणारे कितीतरी जण सांगतात, मी तर मागे बसलो होतो," ताई शांतपणे म्हणाली. "जणू मागे बसलं की हाडं रबराची होतात!"

"साहेब, सही?" विक्रेत्याने पेन पुढे केलं.

"कसली सही?" मिस्त्री कडाडले. "माणसं मारायचं सामान भेट म्हणून देता आणि वर सही मागता? लाज नाही वाटत? अन् मला तरी कुठे वाटली! चला काका, उतरा."

पुढचे पंधरा दिवस मिस्त्रींनी शोरूमवाल्यांना घाम फोडला. स्टार नेमके कुठल्या मॉडेलचे? मागच्या सीटला गुण किती? मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? दोष निघाला म्हणून कंपनीने या गाड्या कधी परत बोलावल्या होत्या का? आणि अहवाल स्वतः वाचल्याशिवाय कुणाच्या शब्दावर विश्वास नाही. शेवटी या सगळ्या प्रश्नांना उतरलेली गाडी आली ती मातकट रंगाची. घरात एकालाही तो रंग आवडला नाही, आणि मिस्त्रींनी त्याची फिकीर केली नाही.

मंडळी, आपण टीव्ही घेताना चार दुकानं पालथी घालतो आणि जीव मात्र चकाकीच्या हवाली करतो. गाडीची खरी परीक्षा मागच्या सीटवर होते, आणि मालकाचीही. आपल्या भरवशावर मागे बसणाऱ्याचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा आहे. गाडी घेताना आधी तो पाहा, रंग मागून पाहा!

पहिल्या दिवशी मिस्त्री स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मागे काकांची पट्ट्याशी झटापट चालली होती.

"थांबा हं मालक, अजून लागला नाही." इतक्या वर्षांत काकांनी मालकांना पहिल्यांदाच थांबायला सांगितलं होतं.

"थांबलोय काका. सावकाश लावा."

मागून खट् असा आवाज आला, आणि मगच मिस्त्रींनी किल्ली फिरवली.