डांबराची फुली

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी नम्रपणे सांगावी अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. चाळीस वर्षं मी एका माणसाची वाट पाहत होतो, आणि ती काही प्रेमाने नव्हे.

माझा जन्म नर्मदाकाठच्या एका गावात झाला. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. नथ्थूने घरामागचा साग तोडला आणि सुताराला आठ दिवस जेवू घालून मला बनवून घेतलं. मला बिजागऱ्या नाहीत. माझा खालचा खुंट दगडाच्या खळग्यात फिरतो. पुढे भिंत खचली आणि मी जमिनीला टेकलो. तेव्हापासून मला उघडायची एकच युक्ती होती. कडी धरून मला जरा वर उचलायचं, मग खांद्याने ढकलायचं. आतूनही तसंच, उचलून ओढायचं. पहिलवानाच्याही नुसत्या जोराला मी दाद देत नसे.

घरातल्या लहानथोरांना ही युक्ती ठाऊक होती. परक्यांना ती कळायची गरजच नव्हती, कारण आमच्या गावात दुसऱ्याचं दार कुणी ढकलत नसे. अंगणात उभं राहून हाक मारायची, मग घरातलं माणूस येऊन दार उघडायचं. हाक न मारता दाराला धक्का देई ती फक्त बकरी. अंगाला खाज सुटली की ती येऊन घासायची.

गाव बुडणार असं ठरलं, तेव्हा घरं मोजायला माणसं आली. भर दुपार होती. नथ्थू शेतात होता. आत त्याची बायको कुसमी, पाच दिवसांची बाळंतीण, मुलीला पाजत बसली होती. एक तरुण साहेब अंगणात आला. एका हातात वही, दुसऱ्या हातात डांबराचा डबा. त्याने हाक मारली नाही. मला दोन धक्के दिले. कुसमीला वाटलं, बकरी असेल. पोरीचा नुकता डोळा लागत होता, म्हणून ती 'हट्' सुद्धा म्हणाली नाही. साहेबाने स्वतःशी पुटपुटत वहीत लिहिलं, "बंद. कोई नहीं रहता." माझ्या छातीवर डांबराची फुली मारली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

नथ्थूला वाटलं, मोजणी झाल्याची ती खूण आहे. बिचारा ती फुली लोकांना कौतुकाने दाखवायचा, पावसाचं पाणी लागू देत नसे. मग नव्या जागेचे कागद वाटले गेले. साऱ्या गावाची नावं आली, त्याचं आलं नाही.

तो मला खुंटासकट, खालच्या दगडासकट काढून बैलगाडीत घालून कचेरीत घेऊन गेला. "बाबूजी, जिस घर में कोई न रहे, उसकी कुंडी ऐसे घिसती है का?" माझी झिजलेली कडी दाखवत त्याने विचारलं. बाबू लोक हसले. वहीत नाही म्हणजे नाही, असं म्हणाले. पुढे पाण्याच्या कडेला झोपडी बांधली, पाणी चढलं की ती मागे सरकवायची, असं करता करता नथ्थू गेला. त्याच दिवशी मी ठरवलं, या फुलीचा धनी भेटल्याशिवाय मी कुजणार नाही.

यंदा प्रणोती आली. जबलपूरची ही मराठी मुलगी कलेचं शिक्षण घेते. दिवसभर आईशी फोनवर बोलते, तिच्याकडूनच मी मराठी शिकलो. घरादारावरून उठवलेल्या माणसांच्या वस्तू मांडून तिला एक प्रदर्शन उभारायचं होतं. कुसमीबाईने मला एका अटीवर दिलं, फुली पुसायची नाही. टेम्पोतून तिलवाऱ्याचा पूल ओलांडताना खाली नर्मदा दिसली. तिच्यावर माझा राग नाही. इथे कुणी राहत नव्हतं असं तिने कधी म्हटलं नाही.

जबलपूरच्या सदर भागातल्या एका दालनात प्रणोतीने पत्र्याची, बिनखिडकीची खोली केली आणि तिच्या तोंडाशी मला बसवलं, माझ्या त्याच दगडावर. शेजारी फाळणीत सिंधमधून आलेली एक ट्रंक होती. तीही फारशी हसणारी नव्हती. एकेकाने खोलीत जायचं, मी आपल्या वजनाने मागून मिटून जमिनीला टेकायचो, आणि पाहणाऱ्याने अंधारात उभं राहायचं.

उद्घाटनाला तिने आपल्या आजोबांना बोलावलं. नीलकंठराव तरुणपणी धरणाच्या कामावर होते, एवढंच तिला माहीत होतं. ते माझ्यासमोर आले, चष्मा लावला आणि खूश झाले.

"अरे, ही तर माझ्या हातची फुली! दार ढकलून पाहिलं असन, उघडलं नाही, म्हणून बंद लिहिलं."

"हाक काहून नाही मारली, आजोबा?"

"एवढ्या उन्हात घरोघरी कोण हाका मारत बसते, बेटा? दार उघडत नाही म्हणजे घरात कोणी नाही."

वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी. दोष माझा!

पाहुण्यांत कुसमीबाई उभी होती, सोबत तीच मुलगी, आता चाळिशीची. "का कह रहे हैं बाबूजी?" कुसमीबाईने विचारलं. प्रणोतीने मान खाली घालून सांगितलं. कुसमीबाईने पदर नीट केला.

"चलो, आतून पाहू दे," नीलकंठराव म्हणाले. प्रणोतीने कडी उचलून मला उघडलं. ते आत गेले. मित्रांनो, इतक्या सुखाने मी जन्मात कधी मिटलो नव्हतो.

थोड्या वेळाने त्यांनी मला ओढलं. मग जोरात ओढलं. मग धक्के दिले. मी होतं नव्हतं ते वजन दगडावर टाकलं. आत कोंडून उकडत होतं, तरी साहेबांना हाक मारायची लाज वाटत होती. प्रणोती धावत आली. तिचा हात कडीला लागणार, तोच कुसमीबाईने तो धरला.

"रुको बिटिया," ती शांतपणे म्हणाली. "बकरी होगी."

आणि मग आतून आवाज आला, चिरका, घाबरलेला. "प्रणोती! कोणी आहे का? अरे, मी आत आहे! अंदर आदमी है!"

तेव्हा कुठे कुसमीबाईने कडी धरून मला उचललं आणि खांदा लावला. नीलकंठराव घामाने निथळत बाहेर आले.

"आपने आवाज दी, तो हमने खोल दिया, बाबूजी," ती म्हणाली. "उस दिन दे देते, तो उस दिन भी खोल देते. मैं अंदर थी. ये मेरी गोद में थी."

त्यांनी तिच्या मुलीकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि माझ्यावरची फुली पुसू लागले. चाळीस वर्षांचं डांबर रुमालाने कुठलं निघतंय! रुमाल मात्र फाटला.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हातात कधी एखादी वही येईल. तेव्हा कुणाचं दार नुसतं ढकलून पाहू नका. हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत उन्हात उभे राहा. नीलकंठरावांना मी माफ केलं का, असं विचाराल तर नाही केलं. प्रदर्शन अजून महिनाभर चालणार आहे. त्यांनी पुन्हा आत यावं, मी तसाच जमिनीला टेकून उभा आहे.