पोकळ ठेवील तो जिंकेल

भागोजी गवंड्याला आयुष्यात राग पुष्कळदा आला होता, पण लाकडाच्या बारा तुकड्यांनी आणला तसा कधी कोणी आणला नव्हता.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. रत्नागिरीहून एस्टीने तासाभरावर, खाडीच्या काठाला त्याचं गाव. गावात चिऱ्याची जेवढी म्हणून धड घरं होती, त्यातली निम्मी भागोजीच्या हातची आणि उरलेली त्याच्या बापाच्या. तांबडा चिरा टाकीने तासायचा, थरावर थर चढवायचा आणि दोन चिऱ्यांत नखभरही पोकळ राहू द्यायची नाही, एवढंच त्याला येत होतं. पण ते असं येत होतं, की चाळीस वर्षांत त्याच्या भिंतीतून उंदीर निघाल्याची तक्रार कोणी केली नव्हती.

आणि हल्ली लोकांना ब्लॉकची घरं हवीत! सिमेंटचे ब्लॉक, सिमेंटचे खांब, चार महिन्यांत घर उभं. भागोजीचा मुलगा बाळा लोटे गावातल्या एका कारखान्यात पाळीवर जाई. तो घरी आला की एकच टुमणं लावी. "बाबा, आता पुरे झाला. आमच्याकडे वॉचमनची जागा हाय. खुर्चीवर बसायचा, गाडी आली की फाटक उघडायचा." फाटक! ज्या हाताने माणसांची घरं उभी केली त्या हाताने फाटक उघडायचं? भागोजी सरळ जेवणावरून उठे.

त्याच वर्षी जानेवारीत जमाल कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आला. नवं घर बांधायचं त्याने जाहीर केलं. जागा त्याच्या आईची, खतिजाबीची. तिच्या बापाने तिच्या नावावर करून दिलेली, चांगली आठ गुंठे. भागोजीने मनात पक्कं धरलं, हे घर आपलं. एवढं मोठं घर म्हणजे दोन वर्षं काम. मग बघू कोण लोट्याचं नाव काढतो ते.

तो विचारायला गेला तेव्हा जमाल पडवीत पाटापुढे बसला होता. पाट म्हणजे चौकट मारलेली लाकडी फळी, बुद्धिबळासारखी चौसष्ट घरं आखलेली. शेजारी ताटात बारा ठोकळे. प्रत्येक ठोकळा पाच घरं व्यापणारा, पण आकार एकाचा दुसऱ्याला नाही. एक सरळ काठी, एक फुली, एक कोयत्यासारखा वाकडा, एक जिन्याच्या पायऱ्यांसारखा. भोवती गावातले पाचसहा रिकामटेकडे.

"जमाल, जोत्याच्या आखणीची दोरी कधी मारूया?" भागोजीने उभ्या उभ्याच विचारलं.

"बसा काका, आधी हे बघा," जमाल म्हणाला. "कुवेतला माझ्याबरोबर एक इंजिनियर आहे, त्याने शिकवलं. एक ठोकळा तुम्ही लावायचा, एक मी. एकावर एक ठेवायचा नाही. ज्याला लावायला जागा उरणार नाही तो हरला. डोक्याचं काम आहे. एकदा मला हरवा, माझी रजा संपायच्या आत. मग घर तुमचं!"

सगळे हसले. भागोजी नाही हसला. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अरे, हजामाला बोलावताना कोणी त्याला आधी पतंग उडवायला लावतो काय? याच्या आजोबाचं घर माझ्या बापाने बांधलं, त्याच घरात हा जन्मला, आणि आता मला पोरखेळावर पारखतो! त्याला वाटलं, सरळ उठून जावं. पण लोट्याचं ते फाटक डोळ्यांपुढे आलं आणि तो मुकाट्याने मांडी घालून बसला.

बसला आणि हरला. दुसऱ्या दिवशीही हरला. मग रोजच सुरू झालं. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज पढून जमाल मशिदीतून आला की पाट काढायचा, भागोजीने टाकीचे हात धुऊन जायचं आणि सगळ्यांसमक्ष हरून यायचं. जमालची आई खतिजाबी दाराशी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसे आणि नुसती बघे.

आणि तो हरायचा कसा, ते ऐका. पहिला ठोकळा हातात आला की भागोजी खालचा कोपरा धरी. कोपऱ्यापासून थर चालू. दुसरा ठोकळा त्याला अगदी चिकटून, तिसरा त्याच्या खाचेत. कुठला कुठे बसेल ते त्याला हातात घेण्याआधी दिसे, कारण जन्मभर दुसरं केलं काय? एक घर म्हणून वाया जात नसे. बघणारेसुद्धा वाहवा म्हणत. पण शेवटी शेवटी, उरलेल्या जागेत दोन ठोकळे बसतील असं दिसलं की जमाल एक ठोकळा मुद्दाम मधेच आडवा टाकी. झालं! जागा असून नसल्यासारखी. चार घरं इकडे, तीन तिकडे, आणि भागोजीच्या हातात ठोकळा तसाच.

"काका, ज्याला बारा ठोकळे लावता येत नाहीत तो माझं घर काय लावणार?" जमाल म्हणे, आणि पुन्हा हशा.

एकदा भागोजी खवळला. "ही काय लावणी झाली? सगळीकडे भोसकं पाडून ठेवलंस! भिंतीत असा लावलास तर पहिल्या पावसात आत पाणी शिरेल, साप घर करतील."

"पण काका, जिंकलो ना मी?"

नीट काम करणारा हरतो आणि नासधूस करणारा जिंकतो, असला कसला मेला खेळ, असं पुटपुटत तो घरी आला. सोनूबाई, त्याची बायको, चुलीशी मासळी भाजत होती. त्याचं तोंड बघूनच तिने ओळखलं.

"आज पन हरलंव?"

"तुला काय कळतंय त्यातला?"

"मग कलवा की! शिकवा मला. त्या जमाल्याची रजा संपत आली, आनि तुमी नुसते दात खाताव."

भागोजीने हो-ना करत फणसाची एक जुनी फळी काढली आणि लहान करवतीने बारा ठोकळे कापले. मापं काही लिहून आणली नव्हती, पण एकदा हातात धरलेला दगड तो विसरत नसे, मग लाकूड कसं विसरेल? सोनूबाईने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने चौसष्ट घरं आखली. भागोजीने खेळ सांगितला. तिने ऐकलं, आणि पहिल्याच फटक्याला फुलीचा ठोकळा नेऊन भस्सकन मधोमध ठेवला.

"गो, तिथे काय ठेवतेस? चारी बाजू फुकट गेल्या!"

"जाऊंदे. माज्या बापाच्या हायत काय?"

तिने त्याला हरवलं. पुन्हा मांडला, पुन्हा हरवलं. तिसऱ्यांदा भागोजी ठोकळे फेकून उठायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरून खाली बसवलं.

"आवो, तुमी भित बांधताव. हितं भित नाय बांधायची. एस्टीत बायका कशा बसतात? गाठोडा मधे ठेवतात, पाय पसरतात. जागा भरायला नाय, दुसऱ्याला बसू द्यायचा नाय म्हनून. तसा खेला. दुसऱ्याला जागा ठेवू नका."

"म्हणजे मी मुद्दाम पोकळ ठेवायची?"

"ठेवायची! घर पायजे काय लोट्याचा फाटक?"

ते सोपं नव्हतं. कळायला सोपं होतं, पण हात ऐकत नव्हता. ठोकळा उचलला की हात आपोआप कोपऱ्याकडे जाई. एक घर रिकामं ठेवून ठोकळा लावला की त्याला कसंसंच होई, जेवताना दाताखाली खडा यावा तसं. सोनूबाई त्याच्या मनगटावर फुंकणीने टकटक करी, "पोकल ठेवा, पोकल!" आणि साठीला आलेला तो माणूस, ज्याच्या बापाने त्याला लहानपणी पोकळ ठेवली म्हणून थापीने मारलं होतं, तो दात आवळून पोकळ ठेवायला शिकला. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्याने सोनूबाईला हरवलं आणि त्याला जरासुद्धा आनंद झाला नाही.

जमालची रजा संपायला तीन दिवस उरले असताना तो पुन्हा पडवीत जाऊन बसला. खेळ बघायला त्या दिवशी जरा जास्तच माणसं होती. भागोजीने पहिला ठोकळा उचलला आणि फुली नेऊन कोपऱ्याच्या अलीकडे ठेवली, अशी की कोपऱ्यातली घरं मेलीच.

"काका, आज चुकलात," जमाल हसला.

पुढचा ठोकळा भागोजीने आडवा टाकला, त्याच्या पुढचा तिरका. जमालचं हसू कमी होत गेलं. पाट दिसायला असा झाला, की जणू कोणी घरात शिरून भिंती पाडल्यात. आठवा ठोकळा लावल्यावर काठीपुरती एकच जागा उरली. ती भागोजीने आधीपासून राखून ठेवली होती. नवव्या पाळीला काठी तिथे बसवली आणि हात झटकले. ताटात तीन ठोकळे उरले, पण त्यातला एकही कुठे बसेना. जमालने ते फिरवून बघितले, उलटे करून बघितले.

पडवीत एकच ओरडा झाला. कोणीतरी भागोजीच्या पाठीवर थाप मारली.

"उद्या सकाळी दोरी मारतो," भागोजी म्हणाला.

जमाल ठोकळे गोळा करायला लागला. मान वर करीना. "काका... ती गंमत होती हो. रत्नागिरीच्या एका कंत्राटदाराला मी आल्या आल्याच काम देऊन टाकलंय. ब्लॉकचं. तुम्ही दारात उभे राहिलात, तोंडावर नाही म्हणवेना. वाटलं, खेळून खेळून तुम्हीच कंटाळाल."

भागोजी उठला.

"नाय म्हनायचा होतास," तो म्हणाला. आवाज आधी बारीक निघाला, मग चढत गेला. "तोंडावर थुकला असतास तरी चाललं असतं! घर तुझं, तू कोनालाय दे. मी घरी गेलो असतो, गप लोट्याला गेलो असतो. पन मला हितं रोज बसवलंस! चाळीस वर्सं या हाताने पोकळ ठेवली नाय. बापाचा मार खाल्ला, पन ठेवली नाय. आनि तुझ्या गमतीपायी मी आठ दिवस घरात बसून पोकळ ठेवायला शिकलो! शिकलो रे! आता हा हात मला माघारी कोन देनार? तू देनार? तुझा कंत्राटदार देनार?"

मग दाराशी अडकित्ता वाजायचा थांबला.

"जमाल," खतिजाबी म्हणाली, "कंत्राटदाराला काम दिलंस ते कोणाला विचारून?"

"अम्मा, तो लवकर..."

"जागा कोणाची?"

जमाल ताटातले ठोकळे सारखे करू लागला.

"माझ्या जागेत काय बांधायचं ते मला न विचारता ठरवून आलास, आणि वर या माणसाला रोज माकडासारखा नाचवलास? उद्याच्या पहिल्या एस्टीने रत्नागिरीला जा आणि त्याला नको म्हणून सांगून ये. तोंडावर सांग, लाजू नकोस. घर भागोजी बांधील. चिऱ्याचं."

"मला दया नको कोनाची!" भागोजी उसळला. "मी जिंकलोय!"

"जिंकलास ते मला मुळीच आवडलं नाही," खतिजाबी तेवढ्याच जोरात म्हणाली. उठून तिने पाटाकडे बोट केलं. "काय हे? अशी भिंत मला बांधून देणार असशील तर आत्ताच घरी जा. तू रोज हरत होतास ना, तशी भिंत पाहिजे मला. इतके दिवस मी बघत होते. पोराने जागा नासायची आणि तू ती सांधायला बघायचास. हरलास, पण एक दिवस वाकडं काम केलं नाहीस. आज केलंस."

भागोजीला कळलं, ही रोज सगळं ओळखून होती, आणि कळलं तेव्हा आधीच्या दुप्पट राग आला.

"मग हे पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं, खतिजाबी? अख्ख्या गावासमोर माझी शोभा होऊ दिलीत ती?"

खतिजाबी पुन्हा खाली बसली. सुपारी हातात घेतली, पण कातरली नाही.

"खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मला तो खेळ कुठे कळत होता? तू हरलास, तेव्हा मीसुद्धा म्हटलं, भागोजीचं आता डोकं चालत नाही."

पडवीतला एकही माणूस हसला नाही. भागोजीने कोनाड्यातली आपली टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि पायरी उतरता उतरता मागे वळला.

"उद्या सातला दोरी घेऊन येतो," तो म्हणाला. "आणि तुमच्या पोराला सांगून ठेवा, पुढच्या रजेवर आला तरी छप्पर चढेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो पाट काढायचा नाय."