एका पात्याचं वल्हं

टक्… टक्… डुर्रर्र. खाडीच्या पाण्यात पहिल्यांदा बुडालं, तेव्हा ऐकलेला हा माझा पहिला आवाज. मी वल्हं बोलतंय. आत्ता होड्यांच्या दुकानात आहे आणि अजून हादरलेलंच आहे. सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

म्हाताऱ्याने मला स्वतःच्या हाताने तासलं. तेव्हा तो म्हातारा नव्हता. त्याची कयाक म्हणजे दोन माणसांची, निमुळती, बिनइंजिनाची होडी. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. मला त्याने एकच ठेवलं. दुसरं टोक घासून घासून गुळगुळीत केलं, कारण ते त्याच्या कानासाठी होतं.

खाडीच्या मधोमध तो मला पाण्यात उभं धरायचा आणि ते टोक कानाला लावायचा. पाण्याखाली मासे टकटकतात, डुरडुरतात. ते सगळं पात्यावर झेलून मी त्याच्या कानात पोचवत असे. मग तो बोट दाखवायचा, "तिकडे." मागे बसलेली त्याची लेक गळ टाकायची, आणि दोरी ताणली जायची.

बायको होती तोवर ती म्हणायची, "माशांची कुजबुज ऐकू येते, मी बोंबलून सांगते ते नाही!" तो हसायचा. मीही फुशारून जाई.

गेली दोन वर्षं मात्र आमचं बिनसलं. मी डावीकडे म्हणावं, त्याने उजवीकडे बोट करावं. गळ रिकामा. लेक म्हणे, "खाडीत मासेच उरले नाहीत." मी मनात चडफडत असे, अगं उरलेत, घोळका इथे खालीच आहे! वाटलं, म्हातारा हट्टी झालाय. शिवाय एक नवी खोड. समोरच्याने तोंड उघडायच्या आत हाच बोलायला लागे. लोक म्हणत, वय झालं की माणूस बडबडा होतो.

कयाकचा तळ कुजला, म्हणून आज सकाळी आम्ही तिघं या दुकानात आलो. समोर एक नवी कयाक होती आणि एक मोटारबोट.

लेकीने कयाकवर हात ठेवला. "हीच. बाबांच्या कानावर आमचं घर चालत आलंय. इंजिनाच्या गोंगाटात काय ऐकू येणार?"

"मोटारबोट घे," म्हातारा म्हणाला.

भिंतीला टेकवलेलं मी घसरता घसरता राहिलं. इंजिनाच्या धुराला नाक मुरडणारा हा माणूस!

"बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

"कंबर दुखते माझी."

"कालपर्यंत तर ठणठणीत होती!"

"काकांना पारख आहे," दुकानदार खुलला. "आवाज बघा, मांजर गुरगुरावं तसा." म्हाताऱ्याच्या पाठीमागे जाऊन त्याने इंजिनाची दोरी खेचली.

कसलं मांजर! छपराचे पत्रे थरथरले. लेकीने कान दाबले. दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं. आणि म्हातारा कयाकच्या रंगावरून बोट फिरवत उभा. पापणीसुद्धा हलली नाही.

इंजिन थांबलं. लेकीचे हात हळूच खाली आले. "बाबा," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने. मग ओरडून. तिसऱ्या हाकेनंतर केव्हातरी त्याने आपणहून मान वळवली, आणि तिचा चेहरा पाहून त्याला कळलं, हिला कळलंय.

दोन वर्षं! मला वाळवी लागली असती तरी इतका धक्का बसला नसता. दोन वर्षं मी बहिऱ्या कानात ओरडत होतं, आणि हा डोळे मिटून जुन्या आठवणींवरून बोट दाखवत होता. मोटारबोट घेतली की "काय ऐकू येतंय?" असं कुणी विचारणार नव्हतं. एवढ्यासाठी हा माणूस तो धूर गिळायला तयार होता. आणि मी त्याला हट्टी म्हणत होतं.

"मोटारबोटच घेऊ, बाबा," लेक ओठ सावकाश हलवत म्हणाली. डोळे भरले होते. "कंबर आधी."

त्याने ते तिच्या ओठांवरून वाचलं. मग त्याने मला उचललं. टोकाला जिथे त्याच्या कानाने खळगा पाडलाय, तिथे अंगठा फिरवला. माझं एकच मागणं होतं. सरपणात टाकू नका, एखादा ऐकता कान द्या. पण वल्ह्याला कोण विचारतं?

म्हाताऱ्याने मला लेकीपुढे धरलं. ती हात पुढे करेना. तेव्हा त्याने तिचे केस मागे सारले, ते गुळगुळीत टोक तिच्या कानाला लावलं, आणि मोटारबोटीकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग तो दुकानाबाहेर चालू लागला.