द्रौपदीमावशीचा टोमॅटो

मुलुंड पूर्वेच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे नाही, सहाव्या मजल्यावरच्या श्यामसुंदर देवस्थळीकडे असते. गच्चीवर चव्वेचाळीस कुंड्या, त्यातल्या तीस टोमॅटोच्या. बाकीची निवृत्त माणसं लिफ्टमध्ये भेटली की मोबाइलवर नातवंडं दाखवतात. हा गृहस्थ तळमजला येईपर्यंत पुसा रुबी आणि ब्लॅक क्रिम या टोमॅटोच्या जातींच्या सालीतला फरक समजावून सांगायचा. समोरचा माणूस सुटका झाल्यासारखा बाहेर पडायचा, ते त्याच्या कधी लक्षातही आलं नाही.

गंमत म्हणजे त्याला स्वतःला चवीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आंबट आणि गोड यापलीकडे त्याची जीभ कधी गेली नाही. जीभ होती ती त्याच्या बायकोची, शुभाची. दोघांची वाटणी ठरलेली होती. माती, खत, काठ्या, पाणी, बिया त्याच्याकडे आणि निकाल तिच्याकडे. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडायचा, प्रत्येकीत एकेका जातीची फोड आणि कडेला चिमूटभर मीठ. शुभा डोळे मिटून बसायची, एकेक फोड तोंडात घालायची आणि आधी जातीचं नाव सांगायची. कधी चुकली नाही. मग निकाल. तिच्याजवळ दोनच शब्द होते, ‘पुन्हा’ आणि ‘पुरे’. श्यामसुंदर ते वहीत लाल पेन्सिलीने लिहायचा. ‘पुन्हा’चं बी डबीत जायचं. ‘पुरे’चं बी घरात ठेवायचं नाही, हा नियम त्याचाच. गच्ची केवढी, माया किती जणांवर करणार, असं तो म्हणायचा.

एक जात मात्र या परीक्षेला नुसती रीत म्हणून बसायची. तो शुभाच्या द्रौपदीमावशीचा टोमॅटो. शुभाची आई ती चार वर्षांची असताना गेली आणि कुडाळजवळच्या एका गावात या मावशीने तिला वाढवलं. मावशीच्या परड्यात न्हाणीच्या पाण्यावर हा टोमॅटो वाढायचा. बुटका, चपटा, देठाशी हिरवा आणि अंगभर निऱ्या पडलेला. मावशी बिया राखेत घोळवून ओल्या गोवरीत दाबायची आणि गोवरी चुलीवरच्या भिंतीला थापायची. शुभाने ती रीत मुलुंडला आणली. गॅसच्या वर, चकचकीत टाइल्सवर, गोवरी. पाहुणे बघतच राहायचे, आणि श्यामसुंदर म्हणायचा की बायकोने माहेरची इस्टेट आणली ती एवढीच.

“याला धुराचा वास आहे,” शुभा दरवर्षी डोळे मिटून सांगायची. “ओल्या राखेचा. मावशी न्हाणीत पाणी तापवायची ना, तो.” श्यामसुंदरला तो टोमॅटोसारखा टोमॅटो लागायचा. तो वहीत ‘पुन्हा’ लिहून मोकळा व्हायचा. मावशी जाऊन पंधरा वर्षं होत आली, पण तिच्या टोमॅटोपुढे ओळीने ‘पुन्हा’ लागलेले होते.

मग कोरोना आला. दोघांनाही झाला. श्यामसुंदरला पंधरा दिवसांत वास पुन्हा येऊ लागला, शुभाला येईना. तो रोज सकाळी तिच्या नाकाशी कॉफीची बाटली धरायचा, लवंग धरायचा, तिचा चेहरा बघत उभा राहायचा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एकदा तिने मान हलवली आणि आला म्हणाली. श्यामसुंदरने पूर्ण मजल्याला पेढे वाटले. असल्या कारणाने पेढे वाटणारा माणूस सोसायटीने पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या फेब्रुवारीत शुभा म्हणाली की डोळे मिटून नावं ओळखण्याचा पोरखेळ आता नको, वय झालं, नुसता निकाल सांगते. श्यामसुंदरला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोडी झाल्या, निकाल झाले. मावशीच्या टोमॅटोची फोड तिने बराच वेळ चावली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “पुरे.”

त्याने दोनदा विचारलं. ती म्हणाली की आता त्यात राम राहिला नाही, जुनी जात आहे, कुठेतरी संकर झाला असणार. शुभाची जीभ म्हणजे त्याच्या लेखी हायकोर्ट. त्याने भिंतीवरची गोवरी काढली, गच्चीवर नेली आणि कढीपत्त्याच्या ड्रममध्ये हाताने कुस्करली. खाली आल्यावर शुभाने टाइल्सवरचा डाग ओल्या फडक्याने पुसला. बराच वेळ पुसत होती, हे त्याला तेव्हा दिसलं होतं आणि तरी दिसलं नव्हतं.

त्यानंतर तीन फेब्रुवारी गेले. गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, श्यामसुंदर पुतण्याच्या वास्तुशांतीला पुण्याला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी परतला, तर सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच त्याला नाक धरावं लागलं. शेजारच्या श्रुतिकाने दार किलकिलं करून सांगितलं, की काका, कालपासून येतोय, तुमच्याच घरातून; मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या खालचा कचरा असेल. श्यामसुंदरने लॅच उघडली. घरात पाऊल टाकवेना असा वास होता. आणि समोर टेबलाशी शुभा वर्तमानपत्र उघडून वरणभात जेवत होती.

“आलात?” ती म्हणाली. “हातपाय धुवा, गरम करते.”

फ्रिजच्या मागे उंदीर मरून पडला होता. दोन दिवस तरी झाले असावेत. श्यामसुंदरने तो कागदात गुंडाळून खाली नेला, फरशी फिनेलने पुसली, सगळ्या खिडक्या उघडल्या.  शुभा हात सुकवत तशीच बसून होती. ताटातला भात वाळत होता. मग त्याने कपाटातून काहीतरी घेतलं, मूठ झाकली आणि तिच्यासमोर येऊन बसला.

“डोळे मीट,” तो म्हणाला.

तिने मिटले. त्याने मूठ तिच्या नाकाशी उघडली. कापूर होता. घरभर त्याचा वास सुटला. ती नुसती श्वास घेत राहिली, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

कोरोनापासून काहीच नव्हतं. आंबट-गोड-खारट तेवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं ओला कापूस चावल्यासारखं. फोडणी ती रंगावरून ओळखायची, दूध उतू जाण्याआधी घड्याळ बघायची. टोमॅटोचे निकाल कसे देत होती, तर श्यामसुंदरच्या तोंडाकडे बघून. ज्या फोडीला तो पुढे वाकायचा, तिला ‘पुन्हा’. इतकं सोपं होतं, ती म्हणाली, की तिलाच लाज वाटायची. त्याने विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही पेढे वाटलेत.

श्यामसुंदरला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. जवळजवळ चार वर्षं हा माणूस बायकोसमोर बसून तिला चव लागते आहे असं समजत होता आणि ती रोज त्याच्यासाठी नाटक करत होती. एवढ्या जवळ बसून ज्याला दिसलं नाही, त्याने रागवायचं तरी कोणावर?

मग त्याला वही आठवली. “मावशीचा टोमॅटो,” तो म्हणाला. “तो तर मला आवडायचा नाही की नावडायचा नाही. त्याला पुरे का म्हणालीस?”

शुभाने ताटातला वाळलेला भात एका बाजूला केला.

“बाकीच्या टोमॅटोंची चव लागली नाही तर नाही लागली,” ती शेवटी म्हणाली. “पण तो तोंडात घातला आणि मावशी नव्हती. कुठेच नव्हती. दरवर्षी फेब्रुवारीत तिला असं मारायची माझी ताकद नव्हती हो.”

तेव्हा तिला वाटलं होतं की सुटका होईल. झाली नाही. गोवरी गेल्यापासून रोज गॅसपाशी उभी राहिली की नजर त्या टाइल्सवर जाते, हेही तिने सांगितलं. आणि मग, इतक्या हळू की त्याला पुढे वाकावं लागलं, तिने विचारलं की सगळंच बी टाकलंत का, एखादं राहिलं असेल ना कुठे.

श्यामसुंदर दुसऱ्या दिवसापासून मागे लागला. बोरिवलीच्या चंद्रप्रकाशला, त्याच्यासारख्याच कुंड्यांवाल्या मित्राला, एकदा चार बिया दिल्या होत्या. त्याला फोन केला तर त्याची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली होती, भाड्याच्या घरात बाल्कनीसुद्धा नव्हती, कुंड्या त्याने वाटून टाकल्या होत्या. कुडाळकडे शुभाचा मावसभाऊ सहदेव. तो मोठ्याने बोलला, आनंदाने चौकशी केली आणि म्हणाला, “परड्यात आता काय्येक नाय, भावोजीनु. टोमॅटो आमी बाजारातसून हाडतंव.” आता तेही टोमॅटो विकत आणत होते, न्हाणीच्या मागे त्याने कॉंक्रीट घातलं होतं, गाडी लावायला.

घरात डब्या, पाकिटं, जुन्या पर्सचे कप्पे, देव्हाऱ्याचा खण, सगळं उपसलं. काही नव्हतं. स्वतःचा नियम पाळण्यात हा माणूस पहिल्यापासून पक्का.

ऑक्टोबरच्या मध्यावर कढीपत्त्याच्या ड्रममध्ये टोमॅटोचं एक रोप दिसलं. श्यामसुंदर उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. या ड्रममध्ये दर पावसाळ्यानंतर अशी रोपं यायची, आणि आगंतुक म्हणून दरवर्षी तो ती उपटून फेकायचा. किती फेकली असतील? ते मोजण्यात अर्थ नव्हता. याच ड्रममध्ये स्वयंपाकघरातली सालंही पडायची, बाजारच्या टोमॅटोची टोकंही पडायची, तेव्हा हे रोप कोणाचंही असू शकत होतं. तरी त्याने त्याला काठी दिली, वरून जाळी लावली, बाकीच्या कुंड्यांकडे पाठ केली. शुभाला सांगायचं नाही असं ठरवलं आणि संध्याकाळी सांगून टाकलं.

त्यानंतर ती रोज गच्चीवर येऊ लागली. पानं बोटांत चुरून नाकाशी धरायची, जुन्या सवयीने, आणि हात खाली घ्यायची. डिसेंबरात फळ धरलं. निऱ्या होत्या, पण फार खोल नव्हत्या. देठाशी हिरवं होतं, पण तसं ते गावठी टोमॅटोला असतंच. श्यामसुंदरने जुन्या अल्बममधला एकमेव फोटो काढला, मावशी हातात सूप घेऊन उभी आणि सुपात टोमॅटो. फोटोचा रंग उडाला होता. भिंग लावून पाहिलं तर सुपात नुसते डाग दिसत होते.

जानेवारीच्या शेवटी पहिलं फळ पिकलं. श्यामसुंदरने फेब्रुवारीची वाट पाहिली नाही. सकाळी टेबलावर एकच ताटली मांडली, टोमॅटोच्या चार फोडी केल्या आणि कडेला मीठ ठेवलं. शुभा सण असल्यासारखी चांगली साडी नेसून येऊन बसली. तिने डोळे मिटले.

ती चावायला लागली तेव्हा श्यामसुंदरने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिने डोळे उघडलेच तर आपल्या चेहऱ्यावरून काही वाचू नये म्हणून. पण मनातून त्याला हवं होतं, की तिने वाचावं आणि खोटं बोलावं. एकदा ‘तोच’ म्हणावं. त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला असता, वहीत लिहिलं असतं, भिंतीला गोवरी थापली असती. तेवढ्यावर उरलेली वर्षं निघाली असती.

खालच्या रस्त्यावर कुकर दुरुस्तीवाल्याची आरोळी आली आणि गेली.

“तुम्ही खा,” शुभा म्हणाली.

त्याने वळून एक फोड तोंडात घातली.

“सांगा ना,” ती म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेले होते आणि मान थोडी पुढे आली होती. “कसा लागतो? धुरासारखं काही आहे का त्याच्यात? मागून येतं ते. गिळल्यावर.”

श्यामसुंदरने चावलं. गिळलं. थांबला. दुसरी फोड घेतली. आयुष्यात कधी लावलं नव्हतं इतकं लक्ष त्याने आपल्या जिभेवर लावलं. अडतीस वर्षं या बाईच्या हातचं जेवून तो कशाला काय वास आहे ते विचारत आला होता, आणि उत्तर ऐकून विसरत आला होता. आता राख आठवावी म्हटलं तर राखेचा वास कसा असतो हेच त्याला आठवेना.

“आंबट आहे,” तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली.

“थोडा गोडसर. साल जाड आहे.” त्याने अजून शोधलं. “टोमॅटोसारखा आहे गं.”

शुभाने डोळे उघडले. रागावली नाही, हसलीही नाही. शेवटची फोड तिने ताटलीतच बाजूला सरकवली आणि मिठाचे दाणे बोटाने गोळा करू लागली. फोडींतून सुटलेल्या बिया पाण्यासकट ताटलीच्या कडेला आल्या होत्या.

“बिया ठेवू?” श्यामसुंदरने विचारलं.

“कशाच्या?” ती म्हणाली.

 वही उघडी होती, लाल पेन्सिल तिच्यावर आडवी पडली होती, आणि नावाच्या रकान्यात काय लिहायचं हे आता सांगू शकेल असं जगात कोणी नव्हतं.  त्याने उठून ताटली बेसिनमध्ये ठेवली आणि नळ सोडला.