कापलेलं वाक्य

रक्तपिशाचाच्या एका जुन्या सिनेमाचा खेळ संपला, दिवे लागले आणि आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. तरुणपणी तिने असल्या बऱ्याच सिनेमांत काम केलं होतं. रंग सावळा, म्हणून दर वेळी वाट्याला मोलकरीणच यायची, आणि पिशाच सगळ्यांत आधी तिलाच गाठायचं. गोऱ्या नायिकेला वाचवायला पुढे सारा गाव धावायचा. मोलकरणीसाठी कुणी हूं की चूं करत नसे.

शेजारी बसलेली भाची धुसफुसत होती. "आत्या, तू मेलीस आणि ते लोक खुशाल जेवायला बसले गं!"

"बसणारच. सकाळपासून उपाशी होते बिचारे," आत्या हसली.

तेवढ्यात आयोजकाने तिला मंचावर बोलावलं आणि माईक हातात दिला. "बाई, मरतानाची ती किंकाळी एकदा ऐकवा ना!" त्याने गळ घातली. लोकांनीही टाळ्या पिटल्या.

आत्याने माईक तोंडाशी धरला. "किंकाळी आत्ताच ऐकलीत की. पण मरताना मला एक वाक्यही होतं. मोलकरणीचं कोण ऐकतंय, म्हणून दिग्दर्शकाने ते कापलं. ते म्हणू?"

आत्या ताठ उभी राहिली.

"माझी लेक घरी एकटी आहे," ती हळूच म्हणाली. "तिला कुणीतरी सांगा."

टाळी वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मात्र, निरोप आपल्यालाच दिल्यासारखी, नकळत मान डोलावली.