रक्ताचा आवाज बसला तेव्हा

मी कांडी बोलतेय. डॉक्टर मला प्रोब म्हणतात. हसू नका, दिसायला अंगठ्याएवढी असले तरी भल्याभल्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला ऐकू येतं. विचार नव्हेत हो, रक्त! मुलांच्या कानशिलावर गार जेल फासायचं, त्यावर मला टेकवायचं, की मेंदूकडे निघालेलं रक्त मी यंत्राच्या स्पीकरमधून सूंऽ सूंऽ करत ऐकवते. कारखान्यात असताना माझा कान इतका तिखट होता, की शेजारच्या खोक्यातल्या थर्मामीटरचा पारा चढतानाही ऐकू यायचा. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो फुटला, ही गोष्ट वेगळी.

मला धाडलं मुलांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांना एक खोड होती. आवाज मोठा करायचा आणि म्हणायचं, "ऐका, घोडा उधळलाय!" आईबाप खूश. घोडा का उधळला, ते सांगायला डॉक्टरांना सवड नसे.

एकदा एक कर्णेवाला आला. सभासमारंभांना लाउडस्पीकर भाड्यानं देणारा. खांद्यावर मेणासारखी पिवळट पोर, मागे बायको. पोर बसायला शिकली होती, ते विसरली. हसायची, तेही विसरली.

"फार गुणी हो," बाप म्हणाला. "ठेवली तिथं राहते. रडणं नाही, हट्ट नाही."

"गुणी कसली," आई पुटपुटली. "उचलली की मान लटकते."

मला टेकवलं. आत नुसता हलकल्लोळ! अंगात बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व नाही, म्हणून रक्त पातळ. पातळ रक्तानं मेंदूचं पोट भरेना, म्हणून ते बिचारं जीव तोडून धावत होतं. बाप मात्र खुलला. "काय आवाज आहे पोरीचा! माझ्या मोठ्या कर्ण्यालाही असा नाही."

इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या खेपांत रक्त सुधारलं, चाल संथ झाली. मला इतकं बरं वाटलं, की मी नुसती कुजबुजले. डॉक्टर "छान" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

बाप दारातच थबकला. "हिचा आवाज बसला."

"अहो, काल खुर्चीला धरून उभी राहिली ती!" आई म्हणाली.

"आणि ताट भिरकावलं, ते? आजीला चावली, ते? सोन्यासारखी पोर सुया टोचून बिघडवली! अगं, या धंद्यात जन्म गेला माझा. आवाज बसला की समजायचं, आतली कॉइल जळत चाललीय. बंद कर त्या सुया."

मी किंचाळायला हवं होतं. पण जेल लावल्याशिवाय मला वाचा फुटत नाही, आणि ते तर पुसून झालं होतं.

कित्येक महिन्यांनी तिला पुन्हा आणलं. "आता परत गुणी झालीय," बाप म्हणाला, "फक्त हात थरथरतात, तेवढं थांबवा." मी टेकले आणि खोली दणाणली. "बघ!" तो बायकोला म्हणाला. "आला की नाही आवाज?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच स्पीकर बंद केला. मग सगळं सांगितलं. जोराचा आवाज म्हणजे उपासमार, हळू म्हणजे पोट भरलेलं.

बापाचा चेहरा पडला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी 'छान' म्हणालो होतो."

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. रक्त पुन्हा शहाण्यासारखं चालू लागलं.

आज माझी वायर चिकटपट्टीनं गुंडाळलेली आहे. कान मात्र शाबूत. जाता जाता एकच विनवणी, मला ऐकून नुसते खूश किंवा नाराज होऊ नका. मी काय म्हणतेय, ते कोणालातरी विचारा. मी रक्ताचं सांगते. मधल्या महिन्यांत उपाशी राहून वाळलेल्या मज्जातंतूंचं मला कळत नाही.

"नॉर्मल," आत्ताच त्या पोरीला तपासून डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला खुंटीला अडकवलं.

आईनं पोरीला खाटेवर उभं केलं, हात सोडले. पाय दुमडले.

"नॉर्मल म्हणालात ना?" तिनं विचारलं.

डॉक्टर हात धुतायत. बाप भिंतीकडे बघतोय. आई तिला पुन्हा उभी करतेय.