रविवारची तक्रार

थोरलीने आईचं कानाचं मशीन काउंटरवर ठेवलं आणि घडी घातलेला कागद उलगडला.

“सात वेळा बंद पडलंय. तारखा लिहून आणल्यात. आता हात झटकायचे नाहीत.”

तंत्रज्ञाने मशीन तपासलं, चार्जिंगची डबी तपासली. दोन्ही ठणठणीत. मग त्याने तारखा वाचल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“ताई, हे सगळे रविवार आहेत.”

“असतील. मग?”

“शनिवारी चार्जिंगला कोण लावतं?”

“रोज मीच लावते.” तिचा आवाज चढला. “औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलीत मी. एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही.”

कागद त्याने हळूच तिच्याकडे सरकवला.

रविवारी धाकटीचा फोन यायचा. आई सकाळपासून केस विंचरून खुर्चीत बसायची. अंघोळ, पथ्य, दुखरे गुडघे, आठवडाभराचं सगळं थोरलीकडे. आईचा चेहरा फुलायचा तो त्या अर्ध्या तासात. दूरवर बसलेली धाकटी नुसती खोकली तरी आईचा जीव वरखाली व्हायचा. थोरलीला परवा ताप आला, तर आई म्हणाली, “गोळी घे की. तुझ्या दुकानात काय कमी आहे?”

हल्ली मात्र ऐन फोनच्या वेळी मशीन मान टाकायचं आणि बोलणं थोरलीला करावं लागायचं. धाकटी जे सांगायची ते ती आईच्या कानाशी ओरडून सांगे. सगळं नाही. नातवाने शाळेत बक्षीस मिळवलं, तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

शनिवारी जेवणं आटोपल्यावर तिने मशीन पुसलं, डबीत ठेवलं, पिन बसवली, आईला पांघरूण घातलं. दिवा मालवायला वळली, तेव्हा डबीवरचा हिरवा ठिपका दिसला नाही.

बोर्डाचं बटण बंद होतं.

ते बटण कायम चालूच असायचं. त्याला हात लावायचं काही कारणच नव्हतं. पण मघाशी पिन बसवताना ‘टक’ असा आवाज झाला होता. तो तिने ऐकला होता.

बराच वेळ ती बोर्डासमोर उभी राहिली. मग तिने बटण दाबलं.

रविवारी फोन वाजला. “बोल गं! अगदी स्वच्छ ऐकू येतंय!” आई खोलीतून म्हणाली, आणि थोड्या वेळाने खळखळून हसली. बक्षिसाचं कळलं असावं. थोरली ओट्याशी उभी राहून एकच कपबशी पुन्हा पुन्हा धूत होती.

अर्ध्या तासाने हाक आली. आईने मशीन काढून तळहातावर धरलं होतं.

“हे ठेवून दे.”

“राहू दे की कानात. अजून अख्खा दिवस जायचाय.”

थोरलीच्या ओठांकडे बघत आई म्हणाली, “आता कशाला? तुझं मला असंही कळतं.”

थोरलीने मशीन घेतलं. ते अजून कोमट होतं.

“काय कळतं, आई?”

पण आईने तोवर मान खिडकीकडे वळवली होती.